वाणाचा घास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘चार ओळी लिहाच’ असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा विषय मीच मागून घेतला. गेल्या संक्रांतीच्या आधी वाणावरून आपल्या मंडळात थोडी बोलाचाली झाली, ती पुष्कळजणींच्या स्मरणात असेल. यंदा प्लॅस्टिकच्या डब्या न लुटता तो पैसा मुक्या जनावरांच्या आश्रयस्थानाला द्यावा, असे मी सुचविले होते. ‘‘वाण ते वाण, दान ते दान; दोहोंची गल्लत कशाला?’’ असे आपल्यातील एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता आपल्या गिरगावाच्या शेजारचाच इतिहास हाती लागला.

लहानपणी संक्रांतीला आजीचे बोट धरून मी भुलेश्वरच्या पांजरपोळात जात असे. दाराशी चाऱ्याच्या पेंढ्या विकत घ्यायच्या, गाईला घास द्यायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावायचा आणि परतायचे. ही जागा गाईंसाठीच आहे, अशी माझी समजूत होती. ती स्थापन होण्याला निमित्त कुत्र्यांचे झाले, हे मला पुष्कळ उशिरा कळले!

१८३२ सालची गोष्ट. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. आठ आण्यांच्या लोभाने पाळीव कुत्रीही पकडली जाऊ लागली, अशी लोकांची तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ म्हणून कुत्र्याची नजर प्रेतावर पाडतात. जैन आणि हिंदूंनाही ही हत्या रुचणारी नव्हती. ६ जूनला लोक कुत्री पकडणाऱ्यांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. मग लष्कर आले, धरपकड झाली, शिक्षा झाल्या.

इथवर ही दंगलीची कथा झाली. तिच्यातून पुढे जे निघाले ते मला अधिक मोलाचे वाटते. जमशेटजी जीजीभाई प्रभृती प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी सरकारकडे रदबदली केली. पण ‘मारू नका’ एवढे म्हणून भागत नाही. मग या जनावरांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद तथा मोतीशेठ यांनी पुढाकार घेतला आणि १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. कल्पना नवी नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच नावाच्या इंग्रज प्रवाशाने खंबायतेस कुत्री, मांजरे व पाखरे यांची इस्पितळे असल्याचे लिहून ठेवले आहे. नवे होते ते पारशी, जैन आणि हिंदू यांनी मिळून एका मोठ्या बंदरात हा भार उचलणे.

भार उचलला कसा, तेच माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. केवळ एकरकमी देणगीवर ते थांबले नाहीत. आपल्या व्यापारी मालावर त्यांनी स्वखुशीने एक लहानसा लागा बसवून घेतला. सौदा झाला की त्यातला अल्प वाटा जनावरांचा. त्या मालात कापसाबरोबर अफूही होती, हे लपवून चालणार नाही. माणसाचे पुण्य क्वचितच निर्भेळ असते. पण जनावराला भूक रोज लागते, म्हणून पैसाही रोज यायला हवा, एवढे त्या व्यापाऱ्यांना नेमके उमगले होते.

पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली. १८८३ साली परळच्या इस्पितळाचा पाया घातला गेला. आपण त्याला ‘बैलघोड्याचे इस्पितळ’ म्हणतो, पण त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचे आहे. स्वतंत्र भारतात १९६० सालचा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, त्यामागे राज्यसभेत विधेयक मांडणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. भगिनींनो, या इतिहासात आपल्या जातीची नावे शोधावी लागत नाहीत.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी वसुबारसेला आम्ही सातआठजणी एका आश्रयस्थानात गेलो होतो. बरोबर गूळ, भिजवलेले धान्य, पोळ्यांची चळत. आमच्याआधी तीन मंडळे येऊन गेली होती, याची चौकशी कोण करतो? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गोड व पिठूळ अन्न एकदम गेले की ते आंबते आणि पोट फुगते. त्या रात्री एक म्हातारी गाय गेली. दुसऱ्या दिवशी निरोप कळला म्हणून मी धावत गेले, तर तिथला गडी रागावलासुद्धा नाही. एवढेच म्हणाला, ‘‘मावशी, काल चार मंडळं आली. ज्येष्ठात चारा महाग होतो, तेव्हा कुणी येत नाही.’’ ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा वाण आणि दान यांची गल्लत होते का? मला वाटते, नाही. वाण म्हणजे आपल्या भरल्या घरातला वाटा दुसरीच्या ओटीत घालणे. व्यापाऱ्यांनी सौद्यातला वाटा काढला, आपण सणातला काढू. ज्यांना वस्तू लुटायची असेल त्यांनी खुशाल लुटावी. पण वाणाच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवावी आणि ती एकदम न देता संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंत बारा हप्त्यांनी पोचवावी. आपल्या आज्यांचा मुष्टिफंड याहून काय वेगळा होता? आणि नेण्यापूर्वी ‘तुम्हाला काय हवे?’ एवढे विचारावे. कधी सुका चारा लागेल, कधी औषधे, कधी कुत्र्याच्या पिलांखाली घालायला जुन्या चादरी.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. त्या ज्येष्ठ भगिनींनी त्याला अनुमोदन द्यावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. ज्येष्ठाचा हप्ता घेऊन आम्ही दोघी मिळूनच जाऊ.