प्रक्षेपकाची चित्रजुळणी

डिजिटल प्रक्षेपकातून पडद्यावर पडणाऱ्या चित्राचा आकार, चौकट, स्पष्टता व रंग जुळवून घेण्याची क्रिया; व्यवहारात ‘प्रोजेक्टर सेट करणे’. डीएलपी प्रकारात चित्र सूक्ष्म आरसे घडवतात, एलसीडी प्रकारात द्रवस्फटिक. आरशांची चकती टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये सिद्ध केली. जुळणीची तत्त्वे दोन्ही प्रकारांत सारखीच.

अंतर व उजेड : पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की ‘थ्रो रेशो’ मिळतो. तो १.५ असल्यास २ मीटर रुंद चित्रासाठी प्रक्षेपक ३ मीटरवर ठेवावा लागतो. अंतर दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट व उजेड पाव होतो. पडद्यावरचा काळा रंग खोलीतल्या उजेडाहून गडद होऊ शकत नाही. म्हणून दिवसा ब्राइटनेस वाढवण्यापेक्षा खिडक्या झाकणे अधिक गुणकारी.

समलंब विकृती : प्रक्षेपक टेबलावर ठेवून पुढून उचलला की किरणांना पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत अधिक अंतर कापावे लागते. ती कड रुंद होते व आयताचा समलंब चौकोन बनतो. ‘कीस्टोन’ दुरुस्ती चकतीवरच चित्र उलट दिशेने आवळते. वरची कड खालच्या कडेच्या सव्वापट झाली असेल, तर १०२४ बिंदूंच्या ओळीतले सुमारे ८१९ बिंदूच वापरात राहतात. बारीक अक्षरे त्यामुळे पुसट होतात. स्वयंचलित दुरुस्ती बहुधा यंत्राचा उभा कल ओळखते. बाजूचा तिरपेपणा अनेक यंत्रांत हातानेच काढावा लागतो. ‘लेन्स शिफ्ट’मध्ये भिंगच सरकत असल्याने बिंदू वाया जात नाहीत, पण ही सोय स्वस्त यंत्रांत क्वचित आढळते. कीस्टोन कितपत वापरावी याबाबत तंत्रज्ञांत एकमत नाही. प्रस्तुत नोंदीच्या मते प्रथम यंत्र पडद्याशी काटकोनात आणावे, मग झूम, मग फोकस, कीस्टोन शेवटी.

स्पष्टता : फोकस चित्राच्या मध्यावर नव्हे, तर मध्य व कोपरा यांतील मजकुरावर तपासावा. यंत्र तिरपे असल्यास कीस्टोनने चौकट सुधारते, फोकस नाही.

रंग : नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंतीवर पांढरा रंग निळसर दिसतो. काही यंत्रांत भिंतीचा रंग किंवा हिरवा फळा निवडून तो दोष कमी करता येतो.

चित्रपटगृहे : हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये ठरवलेल्या मानकानुसार पडद्याची तेजस्विता दर चौरस मीटरला ४८ कँडेला असावी. जत्रांतील तंबू-टॉकीजचे फिल्मकडून डिजिटल यंत्राकडे झालेले संक्रमण ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात दिसते.

शाळा : जून २०१५ मधील ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतरच्या काळात जिल्हा परिषद शाळांत डिजिटल वर्गांचा प्रसार झाला. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाडा (ता. शहापूर) येथील शाळा हे गाजलेले उदाहरण.



देखभाल : पारादिव्याचे यंत्र बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये. भारनियमनाच्या भागात यूपीएस जोडल्यास दिवा नीट थंड होतो. एलईडी व लेसर यंत्रांत ही अडचण फारशी येत नाही.