आखूड केसांच्या टेरियर श्वानांची निगा : कावेरीच्या दमट प्रदेशात ग्रूमिंगचे शास्त्र आणि मर्यादा

पापनाशम (तंजावर) : आखूड केसांच्या कुत्र्याला निगेची फारशी गरज नसते, असा समज सर्वत्र रूढ आहे. लांब केसांच्या जातींप्रमाणे त्याच्या अंगावर गुंते होत नाहीत, कातरीची गरज पडत नाही आणि अंग लवकर वाळते, ही या समजामागची कारणे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासारख्या उष्ण व दमट भागात मात्र हा समज श्वानाच्या जिवावर बेतू शकतो. आखूड केसांखालची त्वचा ऊन, ओल आणि गोचीड यांना अधिक उघडी असते. त्यामुळे अशा श्वानांच्या ग्रूमिंगमध्ये केशरचनेपेक्षा त्वचेच्या तपासणीला अधिक महत्त्व आहे.

टेरियर आणि भातशेतीचा प्रदेश

‘टेरियर’ या नावाच्या मुळाशी भूमी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बिळात शिरून उंदीर, घुशी, कोल्हे यांसारख्या प्राण्यांना बाहेर काढण्यासाठी हे श्वान प्रामुख्याने ब्रिटनमध्ये विकसित झाले. स्मूद फॉक्स टेरियर, मँचेस्टर टेरियर, बुल टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि गुळगुळीत केसांचा जॅक रसेल टेरियर हे आखूड केसांचे प्रकार होत. तारेसारख्या राठ केसांच्या टेरियरचे मृत केस हाताने उपटून काढण्याची पद्धत आहे. गुळगुळीत केसांच्या प्रकारांना ती लागू होत नाही.

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान वसलेले पापनाशम हे तालुक्याचे ठिकाण भातशेतीच्या पट्ट्यात आहे. येथील मंदिराच्या आवारातील नायककालीन विटांचे धान्यकोठार प्रसिद्ध आहे. जेथे भात तेथे उंदीर, हे येथील जुने समीकरण. उंदरामागे धावणे हा टेरियरचा उपजत स्वभाव असल्याने शेताच्या कडेला राहणारा टेरियर चिखल, साचलेले पाणी आणि उंदरांची बिळे यांच्या सतत संपर्कात येतो. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा धोका त्यामुळे वाढतो. हा रोग श्वानाच्या मूत्रपिंडावर व यकृतावर आघात करतो आणि माणसालाही होऊ शकतो. म्हणूनच चिखलाने माखलेल्या श्वानाला धुताना हातमोजे वापरणे, हातावरील जखम झाकणे आणि लसीकरणाची नोंद आधी पाहणे आवश्यक ठरते.

खराऱ्यापासून आरंभ

घोड्याच्या खराऱ्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. आखूड केसांच्या टेरियरच्या निगेचा आरंभही कोरड्या खराऱ्यानेच होतो. रबरी दातांचा ब्रश किंवा रबरी हातमोजा गोलाकार फिरवल्यास मृत केस व कोंडा सुटतो आणि त्वचेतील नैसर्गिक तेल केसांवर पसरते. त्यानंतर मऊ ब्रश केसांच्या दिशेने फिरवून सुटलेले केस काढले जातात. धातूच्या टोकदार दातांचा ब्रश या त्वचेला ओरखडतो, म्हणून तो टाळावा. आखूड केस गळत नाहीत हेही खरे नाही. ते वर्षभर गळतात आणि टोकदार असल्याने कपड्यांत व सतरंजीत रुततात. आठवड्यातून दोन वेळा खरारा केल्यास हा त्रास बराच कमी होतो.

स्नानासाठी माणसाचा साबण किंवा शाम्पू वापरू नये. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते. श्वानाची त्वचा उदासीनतेच्या जवळ जाणारी आणि तुलनेने पातळ असते. निरोगी श्वानाला साधारणपणे तीन ते चार आठवड्यांतून एकदा स्नान पुरेसे होते. वारंवार धुतल्यास त्वचा कोरडी पडते. पशुवैद्याने औषधी शाम्पू सुचवला असल्यास तो लगेच न धुता सुमारे 10 मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो. साबणाचा अंश जांघेत, काखेत व बोटांच्या बेचक्यात राहणार नाही, याची खात्री करावी.

अंग वाळवण्याचा टप्पा सर्वांत जोखमीचा असतो. श्वान मुख्यतः धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. हवेत बाष्प अधिक असेल, तर ही प्रक्रिया मंदावते. अशा हवामानात बंद पिंजऱ्यात गरम हवेचे यंत्र लावल्यास उष्माघात होऊ शकतो. आखूड केसांसाठी कोरडा पंचा आणि थंड किंवा कोमट हवा पुरेशी असते. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी पावसात, बोटांच्या बेचक्यातील ओल पूर्ण टिपणे महत्त्वाचे ठरते, कारण तेथे बुरशीजन्य व जिवाणूजन्य संसर्ग लवकर मूळ धरतो.

गोचीड : लहान जीव, मोठे संकट

भारतातील श्वानांवर आढळणारी तपकिरी गोचीड एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस या रोगांची वाहक आहे. ताप, मलूलपणा, भूक मंदावणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे ही त्यांची लक्षणे असू शकतात. उपचारास विलंब झाल्यास श्वान दगावतो. कानाच्या आत व मागे, मानेखाली, काखेत आणि बोटांच्या मधे बोटे फिरवून पाहिल्यास आखूड केसांत गोचीड लवकर सापडते. हाच या केसांचा मोठा लाभ आहे.

गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल ओतणे, चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे हे उपाय घातक आहेत. एक मादी हजारो अंडी घालते आणि ती भिंतींच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत असतात. त्यामुळे श्वानाबरोबर त्याच्या निवाऱ्याचीही स्वच्छता करावी लागते. मानेवर थेंब टाकण्याचे औषध वापरले असल्यास त्याआधी व नंतर दोन दिवस स्नान टाळण्याची सूचना सामान्यतः दिली जाते. जनावरांसाठीची कीटकनाशके अंदाजाने वापरल्यास विषबाधा होऊ शकते.

पांढरा रंग, नखे आणि कान

पांढऱ्या रंगाच्या बुल टेरियरसारख्या श्वानांची त्वचा उन्हाने भाजते; नाकाचा शेंडा, कान व पोट यांना विशेष धोका असतो. म्हणून उन्हाळ्यात ‘थंडावा मिळावा’ या हेतूने त्यांचे केस यंत्राने काढू नयेत. या श्वानांमध्ये जन्मजात बहिरेपणाही आढळतो. असा श्वान मागून स्पर्श झाल्यास दचकून चावू शकतो, म्हणून त्याच्याकडे नेहमी समोरून जावे.

नखांच्या आत रक्तवाहिनी असते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून नख थोडे थोडे कापावे आणि रक्तस्राव थांबवणारी पूड हाताशी ठेवावी. कान फक्त बाहेरून दिसणाऱ्या भागापर्यंत पुसावा. दुर्गंधी, लाली किंवा सतत डोके हलवणे दिसल्यास सफाई थांबवून पशुवैद्याकडे पाठवावे. दात घासण्यासाठी माणसाची पेस्ट वापरू नये. काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल श्वानासाठी विषारी आहे.

मर्यादा आणि जबाबदारी

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यकीय उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याला आहे. ग्रूमिंग करणाऱ्याने रोगनिदान करू नये. मात्र दिसलेली गाठ, टक्कल पडलेली जागा किंवा गोचीड यांची नोंद मालकाला द्यावी. आखूड केसांच्या जातींमध्ये डेमोडेक्स या सूक्ष्म परजीवीमुळे होणारी खरूज आढळते; तिचा पहिला डाग अनेकदा खरारा करतानाच ध्यानात येतो. तंजावर जिल्ह्यात ओरतनाडू येथे तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय आहे.

प्राण्यांच्या आरोग्याची चिंता या भूमीला नवी नाही. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (1777–1832) यांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर प्राण्यांसाठीही औषधे तयार होत. सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र व अश्वशास्त्र यांवरील हस्तलिखिते जतन केलेली आहेत. त्या काळी ही चिंता राजदरबारातील हत्ती-घोड्यांची होती. आज ती घरातील लहानशा श्वानापर्यंत पोहोचली आहे. आठवड्यातून दोनदा काही मिनिटांचा खरारा आणि बोटांनी केलेली काळजीपूर्वक तपासणी, एवढ्यानेही अनेक रोग वेळेत ओळखता येतात.