मडावी की मरावी? आडनावाचा माग काढताना

आज आपण आडनावाबद्दल बोलू. एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर आडनाव वेगवेगळे लिहिलेले असते, हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नवीन नाही. एरवी आपण हसून सोडून देतो. पण पोरीच्या जात पडताळणीची फाईल किंवा वनहक्काचा दावा समोर आला की त्या एका अक्षरावर काम अडते. म्हणून हा फरक कुठून आला आणि तो जुळवायचा कसा, हे समजून घेऊ.

आधी एक मोठे नाव घेऊ. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव इंग्रजांविरुद्ध लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी झाली. त्यांचे आडनाव कुठे शेडमाके, कुठे सेडमाके, तर कुठे सडमेक असे छापलेले दिसते. प्राणहितेच्या पलीकडे बघा. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना पडलेल्या वीराचे नाव कुणी कुमरम भीम लिहितात, कुणी कोमरम भीम, कुणी कुमुरम भीम. एका अख्ख्या जिल्ह्याला त्यांचे नाव आहे, तरी अक्षरे एकसारखी नाहीत. मग आपल्या आज्याचे नाव सगळीकडे सारखे कसे असेल?

याचे कारण सोपे आहे. आपले पूर्वज नाव सांगत होते गोंडीत, माडियात. लिहिणारा होता दुसराच. पटवारी मराठीत लिहायचा, जुन्या कागदांवर मोडीतही लिहायचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बहुधा पाळत नसत. आपला भाग मध्य प्रांतात होता, तेव्हा हिंदी होती. वरच्या कचेरीत इंग्रजी. सिरोंच्याकडे तेलुगू. ऐकणाऱ्याच्या कानाला जे लागले, ते कागदावर उतरले.

त्यातून जोड्या तयार झाल्या. आपल्याकडे मडावी, तर मध्य प्रदेशाकडे मरावी. माडिया जमातीला इंग्रजी पुस्तकांत मारिया म्हटले, तोही ‘ड’ आणि ‘र’चाच घोळ. आपल्याकडे नैताम, छत्तीसगडात नेताम. इकडे कुमरे, तेलंगणात कुमरा. केस्लापूरच्या नागोबा जत्रेचे मानकरी मेसराम, आपल्याकडे मेश्राम. तेलंगणात इंग्रजीत ‘त’ लिहायला दोन अक्षरे वापरतात, म्हणून तिकडच्या कागदावरचे आत्राम इकडचा बाबू ‘आथराम’ वाचतो. शिवाय तिकडे घराचे नाव आधी आणि माणसाचे नाव मागून लिहितात. म्हणून सिरोंच्याच्या बाजूचा कागद बघताना पहिला शब्द आडनाव असू शकतो, हे ध्यानात ठेवा.

आता जुने कागद. आपला जिल्हा त्यात ‘चांदा’ म्हणून सापडेल. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे त्याआधीच्या कागदावर गडचिरोली जिल्हा शोधून उपयोग नाही. कोतवाल पंजी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, पी-१, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, यांत नावे मिळतात. पुष्कळदा आडनाव नसतेच. ‘अमका वल्द तमका, जात गोंड’ एवढेच असते. वल्द म्हणजे त्याचा मुलगा. बाई शोधायची तर ‘जौजे’ किंवा ‘बेवा’ हे शब्द बघा. जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. कित्येक आज्यांची नावे अशीच नवऱ्याच्या नावामागे दडलेली आहेत.

मग आडनाव नसताना किंवा बदललेले असताना घराणे ओळखायचे कसे? इथे कागदापेक्षा बायांची आठवण कामाची. आपल्याकडे लग्न जुळवताना पहिला प्रश्न कोणता? किती देवांचे? चार, पाच, सहा की सात. एकाच देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. त्यामुळे कोणते घर आपले भाऊबंद आणि कोणते सोयरे, हे प्रत्येक बुढीला पाठ असते. लिहिणाऱ्याने मडावीचे मरावी केले, पण देव बदलले नाहीत. पेनठाणा बदलला नाही. वंशावळ गाणाऱ्या परधानांच्या तोंडीही घराण्यांची नावे टिकली आहेत. गाव, बापाचे नाव, देवसंख्या आणि पेनठाणा या चारही गोष्टी जुळल्या, तर अक्षराचा फरक हा फक्त लिहिणाऱ्याचा फरक असण्याची शक्यता मोठी.

याची उलट बाजूही सांगतो. आडनाव सारखे म्हणजे घराणे एक, असे नाही. मेश्राम, गेडाम ही आडनावे गोंडांत आहेत आणि बौद्ध समाजातही आहेत. म्हणून नुसत्या आडनावावरून नाते जोडू नका, आणि कुणाची जातही ठरवू नका.

कायद्यात याला जागा आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत, नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. जुन्या जमीन नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हा त्यात पुरावा आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले बयाणही पुरावा आहे. म्हणजे शेजारच्या बुढीचे बोलणे कागदावर आले तर त्याला वजन आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासी कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. त्यांना तर वंशावळ फार उपयोगी पडू शकते. जमातीच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या नोंदींना मोठे महत्त्व असते, आणि नेमक्या त्याच नोंदींत अक्षरांचे घोळ जास्त.

म्हणून काम असे करा. एका वहीत प्रत्येक माणसाला एक पान द्या. कागदावर नाव जसे आहे तसेच उतरवा, सुधारून लिहू नका. खाली कागदाचे नाव, साल, गाव आणि तो कुठे मिळाला ते लिहा. सगळी रूपे एकाखाली एक मांडा. प्रमाणित नक्कल काढून ठेवा. आणि एक गोष्ट कधीच करू नका. जुन्या कागदावर किंवा नकलेवर पेन चालवू नका. एक अक्षर ‘नीट’ करायला गेलात तर खरा कागदही खोटा ठरू शकतो. फरक आहे तसा दाखवावा आणि तो का आहे हे वंशावळीने, बयाणाने आणि प्रतिज्ञापत्राने समजावावे.

वहीत आईची बाजूही लिहा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आता आईचे नावही येते. आपल्या आज्यांची नावे मात्र आपणच लिहिली तर राहतील. तिचे माहेर कोणते, माहेरचे आडनाव काय, किती देवांचे घर, हे विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या सगळ्यात वयस्क बाईकडून निदान तीन पिढ्यांची नावे लिहून आणावीत. ती आज सांगू शकते तेवढे उद्या कोणत्याच कचेरीत मिळणार नाही.