विलंबाची किंमत : वैनगंगेकाठचा एक हिशेब

भ्रष्टाचाराचा इतिहास आपल्याकडे बहुधा प्रकरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादा डोळे दिपविणारा आकडा, एखादी चौकशी समिती, विधिमंडळातील गदारोळ, आणि मग पुढचे प्रकरण. या मांडणीत ज्याला हे सारे रोज सोसावे लागते तो माणूस क्वचितच दिसतो. ‘जनतेचा पैसा’ या शब्दप्रयोगातील जनता म्हणून तो कसाबसा उरतो. प्रस्तुत लेखात आम्ही भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने हा इतिहास दुसऱ्या टोकाकडून पाहू इच्छितो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : लाचेपायी सामान्य नागरिकाच्या खिशातून जाणारा पैसा हा त्याच्या हानीचा लहान भाग असतो, मोठा भाग वेळेचा असतो. आणि धान पिकविणाऱ्या मुलखात वेळ म्हणजेच अन्न.

भाषेने ही गोष्ट केव्हाच ओळखलेली आहे. ‘लाच’ हा उघडा शब्द वृत्तपत्रांत आणि न्यायालयांत वापरला जातो. बोलण्यात चिरीमिरी असते, चहापाणी असते, कागदावर वजन ठेवणे असते. ‘चहापाणी’ हा शब्द तर पाहुणचारातून उचललेला. घरी पाहुणा आला की यजमान त्याला चहापाणी करतो. कचेरीत मात्र जो दारात उभा आहे त्यालाच यजमान व्हावे लागते. दुसरीकडे हेलपाटे, चकरा, खेटे घालणे, ‘उद्या या’ हे सारे शब्द वाट पाहण्याचे आहेत. पहिल्या गटातील शब्द हा दुसऱ्या गटातून सुटण्याचा भाव आहे. १९६२ साली नेमलेल्या संथानम समितीने १९६४ च्या आपल्या अहवालात हेच प्रशासकीय भाषेत नोंदविले : काम लवकर व्हावे म्हणून दिला जाणारा पैसा हाच पुढे विलंबाचे एक मोठे कारण बनतो. विलंबाला किंमत येऊ लागली की विलंब निर्माण करणे हाच धंदा होतो.

भंडाऱ्यात हा धंदा कोणत्या जमिनीवर रुजला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढील जमाबंदीत मालगुजारी पद्धत येथे पक्की झाली. गावाचा सारा मालगुजार भरी, कुळे त्याच्या आश्रयाने नांदत. तो काळ सोन्याचा नव्हता. बेगार होती, नजराणा होता. परंतु कोणाकडे जायचे, तो काय मागेल आणि न दिल्यास काय होईल, हे कुळाला ठाऊक असे. सत्तेला चेहरा होता. १९५० च्या कायद्याने, आणि १९५१ मध्ये झालेल्या त्याच्या अंमलाने, मालगुजारी गेली. कोहळी समाजाच्या पाटबंधारे-कौशल्यासाठी नावाजलेले या भागातील तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या नावाची आद्याक्षरे घेऊन ‘मामा तलाव’ झाले. ही मुक्ती खरी होती, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मालगुजाराच्या जागी आता कागद आला. फेरफार, सातबारा, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला : शेतकऱ्याचे शेतकरी असणे या कागदांवाचून सिद्ध होईना. कागद ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती इतरांचा वेळ आला.

पाण्याच्या बाबतीत ही गोष्ट किती जुनी आहे, हे पाहावयाचे तर जोतीराव फुल्यांच्या १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’कडे वळावे लागते. आपण साहित्याचे अभ्यासक हा ग्रंथ सामाजिक बंडाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. त्यातील कालव्याच्या पाण्याविषयीचा भाग फारसा लक्षात घेत नाही. पाटबंधारे खाते पट्टी वसूल करते, पण शेतकऱ्याला पाणी वेळेवर व हिशेबाने मिळते की नाही हे कोणी पाहत नाही, अशी फुल्यांची तक्रार आहे. आणि प्रत्येकाला गरजेपुरते पाणी मोजून मिळावे म्हणून तोटी बसवावी, अशी त्यांची साधी सूचना आहे. तोटी अशासाठी, की पाणी सोडणाऱ्याच्या मर्जीवर काही राहू नये. भ्रष्टाचाराचा हा विचार नीतीच्या उपदेशापलीकडचा, व्यवस्थेचा विचार आहे.

या तक्रारीनंतर शंभरहून अधिक वर्षांनी, २२ एप्रिल १९८८ रोजी, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविली गेली. मूळ खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टरांना पाणी देण्याचे उद्दिष्ट. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला; २०१६ च्या सुमारास खर्चाचा आकडा १८ हजार कोटींच्या पुढे गेला होता. भाववाढ, भूसंपादन, वाढलेली कामे ही यामागची कारणे खोटी नाहीत. तथापि विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाने २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत ३८ प्रकल्पांचा खर्च सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेला, ही गोष्ट भाववाढीने उलगडत नाही. वडनेरे समितीने वाढीव खर्चाविषयी, मेंढेगिरी समितीने कामांच्या दर्जाविषयी गंभीर आक्षेप नोंदविले. २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र गाजले. त्याच वर्षी राज्याच्या आर्थिक पाहणीतील सिंचनवाढीच्या नगण्य टक्क्याने वादळ उठले. चितळे समिती झाली, नागपूर खंडपीठात ‘जनमंच’ची जनहित याचिका झाली, डिसेंबर २०१४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीचा आदेश निघाला. कोण दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही.

आमचा प्रश्न निराळा. या सर्व वर्षांत धानाच्या बांधीत काय घडत होते? रोवणी पावसावर होते. पण धान निसवण्याच्या वेळी, पाऊस ओसरताना, एका पाण्याची गरज असते. ते एक पाणी आले तर पोते भरते, न आले तर लोंबी पोकळ राहते. पंधरा दिवस उशिरा आलेले पाणी हे न आलेले पाणीच होय. कालव्याच्या अस्तरीकरणात जे वाचविले गेले असेल, ते पुढे कोणत्याही चौकशीने परत मिळेल. त्या हंगामातले पाणी परत मिळत नाही. १९८८ साली शाळेत जाणारे मूल आज पन्नाशीकडे झुकले आहे. इतकी वर्षे कोणत्या लेखापरीक्षणात धरावयाची?

ज्यांची गावे बुडाली त्यांचा हिशेब याहून कठीण. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज २०१३ मध्ये मंजूर झाले, म्हणजे कोनशिलेनंतर पंचवीस वर्षांनी. जमीन जाते तेव्हा मोबदल्यासाठी पुन्हा तोच कागद लागतो; वारसांची नावे चढलेली नसली तर पुन्हा तीच कचेरी. मोठा भ्रष्टाचार आणि चिरीमिरी यांची गाठ येथे पडते. प्रकल्प जितका रेंगाळतो तितके दाखले वाढतात, आणि दाखले वाढले की वजनेही वाढतात.

येथे कोणी म्हणेल, देणाराही दोषी नाही काय? हा वाद मराठी मुलखाला नवा नाही. १८८८ मध्ये मुंबई इलाख्यात कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. अभयाच्या आश्वासनावर मामलेदारांनी आपण पैसे दिल्याची कबुली दिली. क्रॉफर्ड लाचेच्या आरोपातून सुटला, हाताखालच्यांकडून कर्जे घेतल्याचा ठपका मात्र त्याच्यावर राहिला. आणि अभय मिळालेल्या मामलेदारांपैकी काहींनाच नोकऱ्या गमवाव्या लागल्या. टिळकांनी त्यांची बाजू घेतली ती याच कारणाने. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. सक्तीने दिली असेल तर सात दिवसांत कळविणाऱ्यास सूट आहे. नियम तर्काला धरून असेल. पण आठवडाभरात तक्रार करण्याचे बळ ज्याच्यात आहे, त्याला बहुधा लाच द्यावीच लागत नाही.

म्हणून या साऱ्या कायद्यांत आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. माहितीच्या अधिकाराने, राज्यात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये, नागरिकाला कागद पाहण्याचा हक्क दिला. या अधिनियमाने त्यापुढे जाऊन सेवेची मुदत ठरविली आणि ती मोडणाऱ्या अधिकाऱ्यास दंड सांगितला. नागरिकाचा वेळ ही त्याची मालमत्ता आहे, असे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले. फुल्यांच्या तोटीमागचा विचार तो हाच. अंमल कितपत होतो हा प्रश्न आहेच. परंतु मागणी कशाची करावयाची, हे तरी त्याने ठरले आहे. पवनी किंवा लाखांदूरच्या शेतकऱ्याने दाखल्यासाठी अर्ज देताना पोचपावती मागणे आणि तीवर तारीख घालून घेणे, ही लहान गोष्ट आहे. पण विलंब जेथे विकला जातो, तेथे तारीख हाच पहिला पुरावा असतो.