पोलादातल्या कॅल्शियमच्या मोजणीची कुळकथा

पवनारला धाम नदीच्या पात्रात उघडा पडलेला काळा पाषाण वर्धा जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी जमिनीखाली आहे. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. असं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही. हे दोन धातू मोजायची गरज पाण्याने निर्माण केली. 1841 साली थॉमस क्लार्कने साबणाच्या द्रावणाने पाण्याचा जडपणा मोजला. शंभरेक वर्षांनी झुरिकच्या श्वार्झेनबाखने या मोजणीसाठी ईडीटीए हे रसायन आणलं: थेंब थेंब टाकत जायचं, लालसर रंग निळा झाला की थांबायचं.

पोलादापुढे ही रीत लंगडी पडली. ईडीटीए कॅल्शियमच्या आधी लोखंडालाच धरतं, आणि इथे तर सगळं लोखंडच. वाट काढली ती 1955 साली, मेलबर्नच्या अ‍ॅलन वॉल्शने. ज्योतीतले अणू आपापल्या लहरीचा प्रकाश शोषतात: कॅल्शियम 422.7 नॅनोमीटरचा, मॅग्नेशियम 285.2 चा. ही युक्ती आधी उचलली शेतीच्या आणि रक्ताच्या तपासणीवाल्यांनी. अ‍ॅल्युमिनियम ज्योतीत कॅल्शियमला अडकवून ठेवतं, म्हणून लँथेनमचा क्षार घालायची सवयही तेव्हाचीच.

पोलादवाल्यांना निकड भासली ती सलग ओतकाम रुळल्यावर. वितळलेल्या पोलादातले अ‍ॅल्युमिनाचे घन कण ओतायचं नोझल तुंबवतात. पोलादात कॅल्शियमची तार सोडली की ते वितळतात. कॅल्शियम जास्त झालं तर त्याचा सल्फाइड बनून नोझल पुन्हा तुंबतं. मॅग्नेशियम न घालताच येतं, वितळलेलं पोलाद ठेवायच्या भांड्याच्या, म्हणजे लॅडलच्या, विटांमधून. वर्ध्याजवळ भूगावलाही पोलादाचा कारखाना आहे. सलग ओतकाम करणाऱ्या कारखान्यांचं हे गणित.

आता ज्योतीच्या जागी बहुतेक ठिकाणी आरगॉनचा प्लाझ्मा आला. अडचण मात्र जुनीच आहे. दहा लाखांत 20 भाग कॅल्शियम असलेल्या एक ग्रॅम पोलादात ते भरतं 20 मायक्रोग्रॅम. लिटरला 80 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या विहिरीच्या पाण्याच्या एका थेंबात 4 मायक्रोग्रॅम असतं. भांडं त्या पाण्याने विसळलं आणि एक थेंब राहिला, तरी उत्तर पाचव्या हिश्श्याने फुगतं. धूळ, काच, गाळणकागद, आम्ल यांतूनही कॅल्शियम येतं. म्हणून पोलाद न घालता तीच सगळी कृती करून ‘ब्लँक’ काढतात आणि तो आकडा वजा करतात. पोलादाचा अहवाल हाती आला की आधी हा ब्लँक किती होता ते विचारावं.