अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर आणि हिफाजतीचा प्रश्न

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, खास स्त्रियांसाठी. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सहा गोळ्यांचं, पर्समध्ये मावेल असं. वजन ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये.

हलकं शस्त्र बाळगायला सोपं, पण चालवायला अवघड. गोळी तीच आणि हत्यार हलकं, म्हणजे हाताला बसणारा धक्का मोठा. नळी आखूड असल्याने नेम साधायलाही जास्त सराव लागतो. आकार लहान करण्याचा खरा फायदा एकच, ते लपतं.

हे आपल्या शेजारच्या नाशिकने १९०९ मध्येच पाहिलं. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं लपवून पाठवली होती. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या अशाच एका पिस्तुलातून. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला कर्वे आणि देशपांडे या साथीदारांसह फाशी झाली.

अश्फाकउल्ला खान यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरीच्या घटनेत एका साथीदाराच्या हातून चुकून माउझर सुटलं आणि अहमद अली नावाचा एक साधा प्रवासी मेला. क्रांतिकारकांना त्याला मारायचं नव्हतं. गोळीला हेतू कळत नाही. अश्फाक यांचं नाव घेताना या प्रवाशाचंही घ्यायला हवं.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. गोऱ्यांना मात्र सूट होती. हा अपमान काँग्रेसला इतका झोंबला, की १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. पण डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. हा हक्क प्रत्येकाला दिला, तर दरोडेखोरही तो मागतील, असा त्यांचा मुद्दा होता. राज्य आपलं झालं, तेव्हा नागरिकाच्या जिवाची जबाबदारीही राज्याचीच झाली.

म्हणून आजही शस्त्र हा हक्क नाही, परवाना आहे. संगमनेरच्या माणसाला त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि पोलिसांचा अहवाल यावा लागतो.

दंगलीची बातमी आली की आपल्या मोहल्ल्यात कुणीतरी तरुण म्हणतोच, ‘सर, घरात काहीतरी पाहिजे.’ त्याची भीती खोटी नाही. पण बेकायदा कट्टा आणला तर पहिला तुरुंगात तोच जातो आणि मागे घर उघडं पडतं. आणि रात्री एसटी स्टँडवरून एकट्या घरी येणाऱ्या आपल्या किती मुलींना सव्वा लाख परवडतील? त्यांना रस्त्यावर दिवे हवेत, वेळेवर बस हवी आणि तक्रार तिथल्या तिथे लिहून घेणारं पोलीस ठाणं हवं. सरकारकडे मागायचं ते हे.