देब्रेत्सेनचा ‘जादूगार’ प्राध्यापक

धर्मसुधारणेचा इतिहास शिकवताना आपण जर्मनी आणि स्वित्झर्लंडपाशी थांबतो. थोडे पूर्वेला जाऊ. हंगेरीतील देब्रेत्सेन शहराला ‘कॅल्व्हिनपंथीयांचे रोम’ म्हणतात. १५६७ साली येथे भरलेल्या धर्मसभेने स्विस सुधारकांची श्रद्धासूत्रे स्वीकारली. १५९० साली गास्पार कारोली यांचे संपूर्ण हंगेरियन बायबल छापून झाले. धर्मग्रंथ प्रत्येकाने मातृभाषेत वाचावा, हा या पंथाचा आग्रह. वाचायचे तर अक्षरओळख हवी. म्हणून चर्चच्या जोडीला शाळा आली. १५३८ साली स्थापन झालेल्या देब्रेत्सेनच्या रिफॉर्म्ड कॉलेजातून शिकलेले तरुण गावोगाव शिक्षक म्हणून जात.

पण राज्यकर्ते हॅब्सबर्ग, पंथाने कॅथलिक. १६७४ साली प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांवर खटले भरले गेले. काहींना जहाजांवर वल्ही मारण्यासाठी गुलाम म्हणून विकले. वाचले त्यांची सुटका १६७६ साली डच नौसेनापती डी रॉयटर यांनी नेपल्स येथे केली.

देशात प्रॉटेस्टंटांचे विद्यापीठ नव्हते. त्यामुळे हुशार विद्यार्थी बाझल, लायडेन, उट्रेक्ट येथे जात. जात धर्मशास्त्र शिकायला. परतताना मात्र नवे गणित आणि भौतिकशास्त्रही घेऊन येत. या परंपरेतील ग्यॉर्गी मारोथी यांनी १७४३ साली हंगेरियन भाषेत अंकगणिताचे पुस्तक लिहिले.

त्याच परंपरेतील दुसरे नाव इश्तवान हतवानी (१७१८–१७८६) यांचे. बाझलला त्यांनी धर्मशास्त्र व वैद्यक यांचा अभ्यास केला, बर्नुली घराण्यातील गणितज्ञांचा सहवास मिळवला आणि १७४९ पासून देब्रेत्सेनला अध्यापन केले. ते विजेचे प्रयोग वर्गात करून दाखवत. गावात मात्र बोलवा झाली की प्राध्यापकाने सैतानाशी करार केला आहे! पुढे कादंबरीकार मोर योकाई यांनी या ‘हंगेरियन फाउस्ट’च्या दंतकथा घरोघरी पोचवल्या.

हतवानींचे खरे मोलाचे काम त्या दंतकथांत नाही. १७५७ च्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्यांनी संभाव्यतेचे गणित मांडले आणि देब्रेत्सेनमध्ये जन्मलेल्या बालकांपैकी किती दगावतात, याचा हिशेब केला. बालमृत्यू ही ‘देवाची इच्छा’ मानली जाण्याच्या काळात एका धर्मशास्त्रज्ञाने ते मोजले. मोजल्यावरच इतर शहरांशी तुलना करता येते आणि ‘आपल्याकडे असे का?’ हा प्रश्न विचारता येतो.

लोकांच्या लक्षात ठिणगी राहिली, हिशेब राहिला नाही. प्रयोगामागचे कारण पाहणाऱ्याला उमगले नाही, तर प्रयोगाची जादू होते. प्रयोग दाखवणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवायला हवे.